उलांडी
होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकांना बांधलेला तरता ओंडका. मालवण-रत्नागिरीकडे रापणीचे जाळे टाकायला निघणाऱ्या अरुंद होडीला तो असतो. जुन्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवत. खिळा नसल्याने वाळूवर आपटली तरी होडी सहज फुटत नसे. उलांडीची हीच युक्ती इंडोनेशियाच्या दर्यावर्दींनी मादागास्करपर्यंत नेली. इंडोनेशियात उलांडी बहुधा दोन्ही बाजूंना असते. नौकांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या घडणीचे धागे आग्नेय आशियाशी जोडले. हे साम्य निव्वळ योगायोगाचे खचितच नव्हे. जावातील बोरोबुदुरच्या शिल्पांत उलांडीची जहाजे कोरलेली आहेत. त्यांवरून बांधलेले ‘समुद्ररक्षा’ हे जहाज २००३ मध्ये जाकार्ताहून निघाले आणि २००४ मध्ये घानाला पोहोचले.