माड हा वृक्ष आहे काय?

माड हा वृक्ष आहे काय, असा प्रश्न गोव्यातील एखाद्या पाडेल्यास कोणी विचारला, तर तो विचारणाराच्या तोंडाकडे पाहतच राहील. ज्याच्या अंगावर चढउतार करण्यात त्याचे आयुष्य गेले, त्याला झाड म्हणू नये तर काय म्हणावे? तथापि हाच प्रश्न जानेवारी २०१६ मध्ये गोव्याच्या विधानसभेपुढे आला आणि सभागृहाने त्याचे उत्तर नकारार्थी दिले. वृक्षसंरक्षणाच्या कायद्यातून माड वगळण्यात आला. एका शब्दाच्या व्याख्येवर एवढे काय अवलंबून होते, हे समजण्यासाठी आपणांस थोडे मागे जावे लागेल.

झाड तोडण्यापूर्वी कोणाला तरी विचारले पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात, आरमाराच्या प्रकरणी, लाकडाविषयी स्पष्ट आज्ञा आहेत. तारवांना लाकूड हवे हे खरे. तरी रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मगच ते तोडावे. बलात्कार करू नये. येथे विचारणारे सरकार आहे आणि होकार देणारा धनी आहे, हे आपण ध्यानात ठेवू.

अडीच शतकांनंतर हा क्रम उलटला. शहरे वाढली, वाडे पडून इमारती उठल्या आणि खासगी आवारातील वृक्षाची सावली ही साऱ्या रस्त्याची गरज होऊन बसली. महाराष्ट्राने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा केला. प्रत्येक शहरासाठी वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी झाडांची गणना, परवानगीवाचून तोड करणारास शिक्षा आणि तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावण्याची सक्ती, ही त्याची मुख्य अंगे होत. पुढच्याच वर्षी कर्नाटकानेही असा कायदा केला. आता धन्याने सरकारास विचारावयाचे होते.

१९८४ मध्ये गोवा, दमण व दीव या तत्कालीन संघराज्य प्रदेशासाठी वृक्षसंरक्षणाचा कायदा झाला. कायदा म्हटला की व्याख्या आली. ज्याच्या खोडापासून फांद्या फुटतात, ज्याचे खोड ठरावीक जाडीचे व उंचीचे असते, ती काष्ठमय वनस्पती म्हणजे वृक्ष, अशा धर्तीची ही व्याख्या होती. आता माडाला फांद्या नाहीत, झावळ्या आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो ताडाच्या कुळातला. आंब्याफणसाच्या खोडात आढळणारी वाढीची वलये त्याच्या खोडात नसतात. तरीही त्याला कायद्याचे संरक्षण होते. २०१६ मध्ये ते काढून घेतले गेले, तेव्हा फांद्यांच्या या अभावावरच बोट ठेवण्यात आले.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. घरावर कललेला, फळ न देणारा म्हातारा माड उतरविण्यासाठी शेतकऱ्याने कचेरीच्या पायऱ्या का झिजवाव्यात, हा प्रश्न कुळागरे राखणाऱ्या कोणालाही पटण्याजोगा होता. परंतु माड कायद्याबाहेर गेला की जीर्ण माडाबरोबर भर उमेदीत फळणारा माडही बाहेर जातो. आणि एका माडाबरोबर मोठ्या प्रकल्पासाठी साफ करावयाची अख्खी बागही बाहेर जाते. लोकांच्या हे ध्यानात आले आणि गोव्यात मोठा गदारोळ उठला. ज्याची शहाळी, खोबरे, काथ्या आणि झावळ्या यांवर घरेच्या घरे चालली, त्याला शब्दच्छलाने झाडांच्या पंक्तीतून उठविले, याचा तो संताप होता. २०१७ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने माडाला राज्यवृक्षाचा मान देण्याचे आणि त्याला पुन्हा कायद्याच्या छत्राखाली घेण्याचे ठरविले.

मात्र व्याख्या बिनचूक झाली म्हणजे झाड वाचले, असे समजण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे पडली, ती काही चोरून तोडलेली नव्हती. वृक्ष प्राधिकरणाने त्यांना रीतसर परवानगी दिली होती. उच्च न्यायालयाने आक्षेप फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढील तोड थांबविली, तोवर बहुतेक झाडे जमिनीवर आली होती. जे प्राधिकरण राखावयासाठी निर्माण केले, त्यालाच तोडीची मंजुरी देण्याचा अधिकार असतो. तो अधिकार कसा वापरला जातो, हे नागरिकांच्या जागरूकतेवरच ठरते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला कायदा दुरुस्त केला. पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसावृक्ष मानले गेले आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी रोपे लावावीत असे ठरले. म्हणजे कायदा आता झाडांची केवळ संख्या मोजत नाही, वयही मोजतो. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, हे आज्ञापत्राचे म्हणणे अशा रीतीने तीन शतकांनी कायद्याच्या कलमांत उतरले.

आपल्या गावाची नगरपालिका असा नियम करू लागेल, तेव्हा आपण तीन गोष्टी विचाराव्यात. वृक्ष कशास म्हणावयाचे? त्यांची मोजणी कोण व केव्हा करणार? आणि तोडीची परवानगी देताना रस्त्यावरच्या माणसाचे म्हणणे कोठे ऐकले जाणार? महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे तोडावयाच्या झाडावर सूचना लावावी लागते व वर्तमानपत्रातही ती द्यावी लागते. ती वाचण्यास फार वेळ लागत नाही. न वाचता पुढे गेलेल्या माणसास मात्र उद्या त्याच वाटेने उन्हातून जावे लागते.