दोन कारखान्यांची एक मोटारसायकल : 'ट्रायटन'चा इतिहास

१/ लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील 'एस कॅफे'समोर १९६० च्या दशकात तरुणांच्या मोटारसायकली रांगेने उभ्या राहत. त्यांतील एका मानाच्या गाडीचे नाव कोणत्याही कारखान्याच्या विक्रीयादीत सापडत नसे. सांगाडा नॉर्टनचा, इंजिन ट्रायम्फचे आणि नाव दोहोंच्या संधीतून झालेले : ट्रायटन.

२/ आधी सांगाडा. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी आखलेली 'फेदरबेड' चौकट १९५० मध्ये शर्यतीत उतरली. त्याच वर्षी जेफ ड्यूक यांनी तिच्यावर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. भर वेगात, वळणावरही ही गाडी डगमगत नसे.

३/ मग इंजिन. एडवर्ड टर्नर यांच्या १९३७ मधील 'स्पीड ट्विन'पासून ट्रायम्फची जोडसिलिंडर इंजिने नावारूपाला आली. १९५९ मध्ये ६५० सीसीची 'बॉनव्हिल' आली. शक्ती भरपूर होती. परंतु ट्रायम्फची चौकट फेदरबेडच्या तोडीची नव्हती.

४/ या संकराला एक अनपेक्षित कारणही घडले. ५०० सीसीच्या छोट्या शर्यती मोटारींसाठी नॉर्टनच्या इंजिनाला मोठी मागणी होती; पण नॉर्टन ते सुटे विकत नसे. म्हणून मोटारवाले अख्खी मोटारसायकल घेत, इंजिन काढून घेत आणि सांगाडा मागे उरे.

५/ अशी जोडणी शक्य का झाली? त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असत. ट्रायम्फच्या इंजिनामागे नॉर्टनचा गिअरबॉक्सही बसवता येई. दोहोंना धरून ठेवण्यासाठी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या मुद्दाम कापून घेतल्या जात.

६/ खरी परीक्षा येथेच होती. इंजिनाचे स्प्रॉकेट आणि क्लचचे स्प्रॉकेट यांची चेन एकाच मापाची हवी, आणि दोन्ही स्प्रॉकेट एकाच प्रतलात हवीत. रेषा थोडी जरी चुकली, तरी चेन तिरकी ओढली जाते, दात एका बाजूने झिजतात आणि अखेर चेन तुटते. तुटलेली चेन गिअरबॉक्सशी अडकली, तर स्वाराच्या जिवावर बेतू शकते.

७/ चेनचा ताणही क्रमाने साधावा लागे. पुढची चेन ताणण्यासाठी गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो. तो सरकला की मागच्या चाकाची चेन सैल पडते. म्हणून आधी पुढची, मग मागची, हा नियम.

८/ १९६३ पासून ट्रायम्फने ६५० सीसी गाड्यांत इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात आणले. पुढची चेनही बदलली : अर्ध्या इंचाच्या एकेरीऐवजी ३/८ इंचाची दुहेरी. जुन्या आणि नव्या गाडीचे स्प्रॉकेट आता एकमेकांना चालेनात.

९/ नट-बोल्टची अडचण त्याहून सूक्ष्म. पाव इंची बोल्टावर जुन्या ब्रिटिश बीएसएफ मापात दर इंचाला २६ आटे असतात. सायकल-मापातही २६ असतात. पण पहिल्याचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६० अंशांचा. नट फिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण पकड अपुरी राहते. पुढे आलेल्या यूएनएफ मापात आटे २८ झाले. जुनी गाडी उभी करणाऱ्याने आटे मोजण्याचे गेज हाताशी ठेवावे, ते याचसाठी.

१०/ ही केवळ हौशी कारागिरी नव्हती. १९६५ मध्ये बार्सिलोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी ट्रायटनवरच विजय मिळवला. नीट जुळवलेल्या परक्या भागांनी अख्खा दिवस आणि अख्खी रात्र साथ दिली.

११/ आज जीर्णोद्धार करणाऱ्यापुढे पेच आहे. फेदरबेड सांगाडा मौल्यवान. ट्रायटन मोडून त्याची पुन्हा 'अस्सल' नॉर्टन करण्याचा मोह होतो. परंतु १९६० च्या दशकात जोडलेली ट्रायटन हाही त्या काळाचाच अस्सल पुरावा आहे. कारखान्याने न जोडलेली गाडी खोटी ठरवली, तर ती जोडणाऱ्या पिढीचा इतिहासही पुसला जातो.