वीरगळ खालून वर वाचायचा असतो

तुम्ही ‘चिंटू’ कसा वाचायचात? डावीकडून उजवीकडे ना? कोणी शिकवलं होतं? मारेगावला आमच्या घरी पेपरातली चित्रं मीही तशीच वाचायचो. म्हणून वीरगळाचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा सवयीनं वरून सुरुवात केली आणि पार फसलो. माणूस शिवलिंगाची पूजा करतो, मग अप्सरांबरोबर निघतो, शेवटी लढून कोणाला तरी लोळवतो. गोष्ट जमली, पण पूर्ण चुकीची!

वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा स्मारक-दगड. त्याच्या चौकटी खालून वर चढतात. तळाला लढाई, मध्ये अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, त्यावर शिवपूजा, टोकाला चंद्र-सूर्य. खाली आडवा पडलेला मला शत्रू वाटला होता. बहुतेकदा तो वीर स्वतःच असतो. शेजारी उभा राहून लढणाराही तोच. एकाच चौकटीत दोनदा! सोबत गाई कोरल्या असतील तर गुरं वाचवताना मेला, असं समजतात.

स्कॉट मॅक्लाऊडनं १९९३च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये म्हटलंय की दोन चौकटींमधली रिकामी जागा वाचकच भरतो. (त्या जागेला इंग्रजीत ‘गटर’ म्हणतात, हसू नका.) आलेखावरच्या दोन बिंदूंमधून रेघ ओढताना आम्ही विज्ञानवाले तेच करतो. रेघ आपली असते, मोजलेले फक्त बिंदू.

आता बोरिवलीजवळच्या एक्सरचे वीरगळ घ्या. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलीय. कोणती लढाई? बरेच अभ्यासक ती १२६५च्या सुमाराची मानतात: देवगिरीचा महादेव यादव विरुद्ध उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर. सोमेश्वर समुद्रात बुडाला असं हेमाद्रीच्या ग्रंथात आहे, आणि दगडावर नौका आहेत. मधली रेघ अभ्यासकांनी ओढली. मला ती पटते, पण दगडावर ना राजाचं नाव वाचता येतं, ना साल. चित्रावरून वीर मेला एवढं कळतं. त्याची बाजू जिंकली की हरली हे कळत नाही, कारण वीरगळ दोन्हीकडच्या मेलेल्यांचे उभे राहायचे.

तुमच्या गावात पाराजवळ शेंदूर फासलेला असा दगड असेल तर तळाच्या चौकटीपासून बघा. गाई आहेत, घोडा आहे की आणखी काही? फोटो काढलात तर तळ कापू नका. बहुतेक फोटोंत नेमका तोच गायब असतो.