सातचा भोंगा

मोबाईलच्या व्यसनाचं खापर आपण पोरांवर फोडतो. जरा मागचा इतिहास बघू.

सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, फुकटचा डेटा घराघरात शिरला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाईलवर भरली. उसनवारी करून फोन घेणारे पालक मी बातमीदारी करताना पाहिलेत. त्याच सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, पण ती देशाच्या सुरक्षेसाठी. व्यसनाचा प्रश्न तसाच राहिला.

२०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. दीड तास पोरांचा मोबाईल बंद, मोठ्यांचा टीव्हीही बंद. मला यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडं भोंगा वाजला, तर आधी फोन कोण ठेवणार?