फ्लॅश नाही, पोझ नाही, पैसे नाहीत

रोज एक फोटो, असं वर्षभर. न चुकता. हा उद्योग जगभर बरेच लोक करतात. ३६५ दिवस, ३६५ फोटो. वाटतं सोपं. खिशात मोबाईल आहे, बोट लावलं की झालं. मी पिपरीत राहून हे सुरू केलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पिपरी मेघे म्हणजे वर्ध्याला इतकं चिकटलेलं, की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं ते बाहेरच्या माणसाला कळू नये. पहिला महिना मजेत गेला. कडुनिंब, पाण्याचा टँकर, कापसाने फुगलेला ट्रॅक्टर, पोह्याच्या टपरीवरची वाफ. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास गाव संपलं! म्हणजे गाव होतं तिथेच होतं, पण माझ्या दृष्टीने टिपण्यासारखं काही उरलं नव्हतं. खरी गंमत तिथून पुढे सुरू होते. ज्यांनी हे केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

या प्रकारातलं जगातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंगस्टन. ३१ मार्च १९७९ ला त्याने एक पोलरॉइड काढला आणि मग रोज एक काढत राहिला. २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे कॅन्सरने मरण पावला त्या दिवसापर्यंत. साडेअठरा वर्षं. त्याच्यापुढे आपलं एक वर्ष म्हणजे काय?

पण मला राहून राहून आठवतात ते त्याच्याही चाळीस वर्षं आधीचे, आमच्या वर्ध्याचेच एक गृहस्थ. पिपरीहून निघा, वर्धा ओलांडा, पलीकडे आणखी आठेक किलोमीटर जा. सेवाग्राम. तिथे १९३८ पासून एक तरुण मुलगा कॅमेरा घेऊन एकाच माणसाच्या मागे होता, तो पुढे जवळजवळ दहा वर्षं. कनु गांधी.

आधी एक घोळ मिटवून टाकतो. जुहूच्या वाळूत एक लहान मुलगा गांधीजींच्या काठीचं टोक धरून पुढे ओढत चाललाय, हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. तो मुलगाही कनु गांधीच, पण वेगळा. तो रामदासभाईंचा मुलगा, गांधीजींचा सख्खा नातू. आपले फोटोवाले कनुभाई म्हणजे नारणदास गांधींचे चिरंजीव, नात्याने चुलत नातू. जन्म १९१७ चा. वर्ध्यातली मगनवाडी ज्यांच्या नावाने आहे ते मगनलाल गांधी यांचे सख्खे काका. कनुभाईंना व्हायचं होतं डॉक्टर. गांधीजींनी त्यांना आश्रमाच्या कचेरीत बसवलं. पत्रव्यवहार, हिशेब, पडेल ते काम. फोटोचं डोक्यात घातलं विनोबांचे भाऊ शिवाजी भावे यांनी.

आता कॅमेऱ्याला पैसे हवेत. गांधीजी म्हणाले, नाहीत. (आश्रमाच्या एकेका पैशाचा हिशेब ठेवणारा माणूस दुसरं काय म्हणणार?) मग घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून एक रोलीफ्लेक्स आला. परवानगी मिळाली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. कधीही पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रम या कामाला पैसे देणार नाही.

मी या तीन अटींवर बराच विचार केला आहे. वरवर पाहता हा छळ आहे. रोलीफ्लेक्सच्या एका रोलवर बारा फोटो बसतात. बारा! आपण एका चहाच्या कपाचे तेवढे काढतो. रोल विकत आणायचा, धुवायचा, छापायचा, सगळं स्वतःच्या जिवावर. त्यात १९३९ ला महायुद्ध लागलेलं. कनुभाई आपले फोटो वर्तमानपत्रांना देऊन खर्च भागवत. आणि फ्लॅश नाही म्हणजे सेवाग्रामच्या मातीच्या भिंतींच्या, बुटक्या छपरांच्या, अंधाऱ्या खोल्यांत उजेडासाठी खिडकीच्या मेहेरबानीवर राहायचं. आश्रमाचा दिवस सुरू होई पहाटे चारला. पहाटेची प्रार्थना अंधारात. म्हणजे दिवसातली सगळ्यात महत्त्वाची घटका कॅमेऱ्याच्या हाताबाहेर. जो दिवस टिपायचा तो सुरू व्हायच्या आधीच एक तुकडा गेलेला, आणि हे रोज.

पण त्याच अटींनी काय केलं तेही बघा. रोलीफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. छातीपोटाशी धरून वरून काचेत मान खाली घालून बघायचं. चित्र दिसतं तेही डावं-उजवं उलटं. शटरचा आवाज अगदी हळू. फ्लॅशचा झगमगाट नाही, 'इकडे बघा' नाही. मान खाली घातलेला घरचाच एक पोरगा कोपऱ्यात उभा आहे, एवढंच. समोरचा माणूस हळूहळू त्याला विसरतो. त्यामुळेच कनुभाईंच्या फोटोंतले गांधीजी पुतळ्यातले नाहीत. कुटीत टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावलेले आहेत. मायक्रोस्कोपमधून कुष्ठरोगाचे जंतू बघताहेत. परचुरे शास्त्रींना मालिश करताहेत. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगी, त्यांना आश्रमात ठेवून घेतलेलं. रेल्वेच्या डब्यातून हात बाहेर काढून हरिजन फंडाला पैसे मागताहेत, तोही फोटो आहे. माझा सगळ्यात आवडता म्हणजे वजनकाट्यावरचा, १९४५ मधला, मुंबईच्या बिर्ला हाउसमधला. उघड्या अंगाने काट्यावर उभा राहिलेला म्हातारा माणूस. असा फोटो पाहुण्याला मिळत नाही.

पाहुण्यांचं काय होतं त्याचाही एक किस्सा आहे. १९४६ मध्ये 'लाइफ' मासिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचे फोटो काढायला आली. आधी चरखा शिकून ये, मग फोटो, असं तिला सांगण्यात आलं. ती शिकली. मग तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली, मोजून तीन! दोन वाया गेले, तिसरा लागला. चरख्यामागे बसून कागद वाचणारे गांधीजी, हा जगप्रसिद्ध फोटो त्या दिवसांतला. मोठी फोटोग्राफर, वादच नाही. पण तिच्याकडे एक दिवस होता आणि कनुभाईंकडे कालचा, आजचा आणि उद्याचा. जगाला तिचं नाव माहीत आहे. वर्ध्यात दहा माणसांना कनुभाईंचं विचारून बघा. आपण पाहिलेले कितीतरी गांधी त्यांनी टिपलेले आहेत, आणि खाली नाव नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या नझर फाउंडेशनने 'कनूज गांधी' हे पुस्तक काढलं तेव्हा कुठे थोडी चर्चा झाली. कनुभाई १९८६ मध्येच गेले होते.

माझ्या ३६५ पैकी कितीतरी फोटो माणसांनी 'नको' म्हटल्यामुळे निघाले नाहीत. आमच्या गल्लीतल्या एक आजी पदर तोंडावर घेऊन म्हणाल्या, "काहून काढतं बाबू माहा फोटो? तुले दुसरं काही काम नाई काय?" मी कॅमेरा बंद केला. त्या दिवशी त्यांच्या ओट्यावरच्या रिकाम्या सुपाचा फोटो काढला. तेव्हापासून रोजच्या फोटोच्या वहीत मी न काढलेला फोटोही लिहून ठेवायला लागलो. आता उघडून बघतो तर त्या नोंदीच जास्त वाचाव्याशा वाटतात.

कनुभाईंनाही काही वेळा 'नको' ऐकावं लागलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. कस्तुरबाही तिथेच. १९४४ मध्ये बांचं दुखणं वाढलं तेव्हा सेवेसाठी कनुभाईंना आत राहू दिलं. २२ फेब्रुवारीला गांधीजींच्या मांडीवर बांनी प्राण सोडला. त्या शेवटच्या घटकांचा फोटो काढायला गांधीजींनी कनुभाईंना मनाई केली. इतकी वर्षं रोज मागे फिरणाऱ्या मुलाला नेमका तो फोटो नाही. मला वाटतं, बरोबरच केलं. इतिहासाचं नुकसान झालं असं कोणी म्हणेल. झालं असेल. बासष्ट वर्षांचा संसार संपत असताना नवऱ्याने इतिहासाचा विचार करायचा का?

पुढे गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामहून गेले ते परत आलेच नाहीत. दंगलीत होरपळलेल्या नोआखालीत कनुभाई त्यांच्याबरोबर होते, आणि गांधीजी तिथून गेल्यावरही त्यांच्याच सांगण्यावरून तिथल्या खेड्यांत काम करत राहिले. त्यामुळे ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाउसच्या हिरवळीवर ते नव्हते. त्यांची बायको मात्र होती. आभाबेन. एका बाजूला आभा, दुसऱ्या बाजूला मनू, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून गांधीजी प्रार्थनेला चालले होते, पाच वाजून गेलेले. अंत्ययात्रेचे फोटो जगभरच्या लोकांनी काढले, आंरी कार्तिए-ब्रेसाँही त्या दिवसांत दिल्लीतच होता. त्या चालण्याचा, त्या गोळ्यांचा फोटो कोणाकडेच नाही. काय झालं ते मनूबेननी लिहून ठेवलं आहे.