दुरुस्तीचे दोन हात

चित्रकलेचा विषय निघाला म्हणजे आपल्यांतील सुशिक्षित मनुष्य बहुधा अजिंठ्यापासून आरंभ करितो आणि एका ढांगेंत राजा रविवर्म्यापाशीं येऊन उभा राहतो. मधल्या बाराशें वर्षांत महाराष्ट्राच्या भूमीवर कोणीं कुंचला हातीं धरलाच नाहीं कीं काय, अशी शंका ऐकणारास यावी. वस्तुतः दक्षिणेंतील लघुचित्रांच्या अगदीं आरंभीच्या टप्प्यांतील एक सचित्र ग्रंथ आपल्याच नगरास निर्माण झाला आणि तो पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत सुरक्षित आहे. त्याचें नांव 'तारीफ-इ-हुसेनशाही'. त्या ग्रंथाच्या निमित्तानें एका जुन्याच प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे: चित्र सुधारतें तें कोणाच्या डोळ्यानें?

प्रथम थोडा इतिहास. अहमद निजामशहानें १४९० मध्यें स्वतंत्र गादी स्थापन केली आणि पुढें भिंगारजवळ आपल्या नांवाचें शहर वसविलें. २०२४ पासून त्यास अहिल्यानगर असें अधिकृत नांव मिळालें आहे. पण ज्या काळाविषयीं आपण बोलत आहों त्या काळीं तें अहमदनगरच होतें. या घराण्यांतील तिसरा राजा हुसेन निजामशहा १५५३ मध्यें गादीवर आला. १५६५ च्या जानेवारींत तालिकोटच्या लढाईंत दक्षिणेंतील सुलतानांनीं मिळून विजयनगरच्या रामरायाचा पाडाव केला. त्यांत हुसेनशहा प्रमुख होता. परंतु विजयाचा उपभोग त्यास फार दिवस मिळाला नाहीं. त्याच वर्षीं तो मरण पावला. मुलगा मुर्तझा लहान असल्यामुळें राज्याचा कारभार त्याची विधवा राणी खुंझा हुमायून हिच्या हातीं आला. आफताबी नांवाच्या कवीनें हुसेनशहाच्या स्तुतीपर फारशी काव्य रचलें, आणि त्याची ही सचित्र प्रत राणीच्या कारभाराच्या सुमारास तयार झाली, असें जाणते मानितात.

ग्रंथांतील बारा चित्रें आज शिल्लक आहेत. दरबार, राणीसह सिंहासनावर बसलेला राजा, तालिकोटचें रण आणि रामरायाचा शिरच्छेद असे त्यांचे विषय. उंच चढविलेलें क्षितिज आणि सोनेरी आकाश हीं इराणी परंपरेचीं लक्षणें. पण त्या आकाशाखालीं ज्या स्त्रिया उभ्या आहेत, त्यांची उंच, सडपातळ ठेवण, चोळी आणि पाठीवर सोडलेली लांब वेणी हीं येथल्याच मातींतलीं. एका चित्रांत स्त्रीच्या स्पर्शानें झाड फुलतें असा प्रसंग आहे. हा तर आपल्या संस्कृत कवींचा आवडता दोहद-संकेत! फारशी काव्याच्या पानावर तो इतक्या सहज येऊन बसावा, यावरून हें ध्यानांत येतें कीं त्या कारखान्यांत निरनिराळ्या घरांत शिकलेल्या नजरा एकाच कागदावर पडत होत्या. चित्रांवर कोणाची सही नाहीं. परंतु एकाच डोळ्याचें हें काम नव्हे, असें तीं चित्रें स्वतःच सांगतात.

लघुचित्राची रीतच अशी आहे कीं, तें दुसऱ्याच्या नजरेस मधून मधून जागा देतें. प्रथम कागद अकीकाच्या दगडानें घोटून गुळगुळीत करावयाचा. त्यावर गेरूची फिकट रेखा. मग पांढऱ्या रंगाचा इतका पातळ हात कीं, खालची रेखा धुक्यांतून दिसावी तशी दिसत राहील. नंतर काळ्या शाईनें पक्की रेखा. यानंतर डिंकाच्या पाण्यांत कालविलेला हिंगूळ, हरताळ, नीळ, एकावर एक थरांनीं चढवावयाचे, आणि चित्र पालथें घालून पाठीमागून पुन्हा घोटावयाचें. दागिन्यांचें सोनें आणि डोळ्यांच्या पापण्या सर्वांत शेवटीं. या क्रमांत गेरू आणि काळी शाई यांच्या मधला जो क्षण, तोच सल्ल्याचा खरा क्षण होय. तेव्हां शेजारचा म्हणाला, 'हात आंखूड झाला', तर हात लांबवितां येतो. आणि पहिली चूक पांढऱ्या हाताखालीं निमूटपणें झांकली जाते. रंगाचे चार थर चढल्यावर तोच दोष दाखविला, तर खरवडण्यावांचून गति नाहीं. सल्ला खरा असून चालत नाहीं, तो वेळेवरही यावा लागतो.

मोगलांच्या चित्रशाळेची हकीकत अबुल फझलनें 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेविली आहे. दर आठवड्यास सर्व चित्रकारांचें काम बादशहापुढें मांडलें जाई आणि गुणानुरूप बक्षीस मिळे. त्या काळच्या मोगली ग्रंथांच्या समासांत रेखाटन एकाचें, रंगकाम दुसऱ्याचें, चेहरा तिसऱ्याचा, अशी नोंदही सांपडते. रंग भरणारा रोज आपल्याहून वरचढ हाताच्या रेषेवर काम करी. तीच त्याची शाळा. बादशहाची नजर आठवड्यांतून एकदां पडे, सोबत्याची नजर मात्र दिवसभर खांद्यावरून डोकावत असे. चित्रकार घडला तो बक्षिसानें कीं त्या डोकावण्यानें, हें वाचकांनींच ठरवावें.

या संबंधांत स्वतःची एक फजिती सांगितल्यास वाचक क्षमा करतील. नगरांत आम्ही पांचसात हौशी माणसें रविवारीं एकत्र बसून जुन्या लघुचित्रांच्या नकला करितों. कोणी शिक्षक आहे, कोणी कारकून, एक गृहस्थ घड्याळें दुरुस्त करितात. एकदां मीं नगरी शैलीची एक उभी स्त्री काढून मोठ्या अभिमानानें पुढें ठेविली. दोघे म्हणाले, 'सुंदर!' तिसरे म्हणाले, 'रंग ठीक आहेत.' घड्याळवाल्यांनीं भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिलें आणि विचारलें, "मान डावीकडे वळली आहे ना? मग वेणीला तें कसें कळलें नाहीं?" मला राग आला. घरीं येऊन मूळ चित्राच्या छापील प्रतीशीं ताडून पाहिलें, तों काय! मुळांत मानेबरोबर वेणीही किंचित् कललेली होती, आणि तीन आठवडे मूळ चित्र समोर असून मला तें दिसलें नव्हतें. 'सुंदर' म्हणणाऱ्यांनीं माझें मन राखलें. घड्याळवाल्यांनीं माझें चित्र राखलें. त्यांनीं आपली आवड सांगितली नाहीं. मला जें काढावयाचें होतें तेंच धरून, तें कोठें निसटलें तेवढें दाखविलें.

आतां त्या ग्रंथाकडे पुन्हा वळूं, कारण दुरुस्तीचा दुसरा हात तेथेंच भेटतो. १५६९ मध्यें मुर्तझा निजामशहानें आपल्या आईचा कारभार संपवून तिला कैदेंत टाकिलें. तिचे दिवस फिरले तसे चित्रांतलेही फिरले. राजाशेजारीं बसलेल्या राणीची आकृति बहुतेक ठिकाणीं पुसून किंवा रंगानें झांकून टाकण्यांत आली. तरीही बारकाईनें पाहणारास ती अंधुक दिसते, आणि राजाची तिच्याकडे वळलेली नजर मोकळ्या जागेकडे पाहत राहते. हीही एक दुरुस्तीच म्हणावयाची! पण तिच्यामागें हात आंखूड झाल्याची तक्रार नव्हती. त्या जागीं ती बाईच नको, एवढेंच म्हणणें होतें. सोबत्याचा हात चित्राला त्याच्या स्वतःच्या हेतूजवळ नेतो. सत्तेचा हात त्याला आपल्या हेतूकडे ओढून नेतो.

पुसणाराच्या मनासारखें झालें, असेंही नाहीं. त्याच राणीची मुलगी चांदबिबी हिनें १५९५-९६ मध्यें मोगलांच्या वेढ्यांत नगरचा किल्ला लढविला, आणि ज्या आईचा चेहरा कागदावरून घालविला, तिच्या लेकीचें नांव नगरच्या पोरासोरांच्या तोंडीं राहिलें. १६०० मध्यें चांदबिबी मारली गेली व किल्ला पडला. पुढें मलिक अंबरानें निजामशाही १६२६ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, सांवरून धरिली.

एकमेकांच्या नजरेनें शिकण्याची परंपरा मात्र कोणत्याही किल्ल्याबरोबर पडत नाहीं. पेशवाईच्या अखेरीस, १७९० नंतरच्या दशकांत, पुण्याचा गंगाराम तांबट आणि स्कॉटलंडहून आलेला जेम्स वेल्स यांचा सहवास घडला. गंगारामानें वेरूळचीं लेणीं रेखाटलीं, वेल्सनेंही रेखाटलीं; दोन देशांच्या दोन नजरा एकाच खडकावर खिळल्या. पुढें १८८८ मध्यें स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीनें वार्षिक प्रदर्शनें भरवून चित्रकारांचें काम एका भिंतीवर आणून टांगलें, आणि शेजारच्या चौकटीकडे पाहून आपली चौकट जोखण्याची संधि त्यांस दिली.

आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी कुंचला हातीं घेईल, तेव्हां त्या पानावर आपला कोणता हात पडतो, हें आपण पाहावें. कौतुकानें मूल आनंदतें, पण वेणी कोठें चुकली तें त्यास कळत नाहीं. 'हें काय काढलेंस? दुसरें कांहीं काढ', असें म्हणून आपण नकळत राणीच पुसून टाकितों. गेरूची रेखा ओली आहे तोंच जवळ बसावें, काय काढावयाचें आहे तें आधीं विचारावें, आणि मग एकच दोष, बोट ठेवून दाखवावा. पुण्याच्या त्या पानावर पुसलेली राणी साडेचारशें वर्षांनंतरही अंधुक दिसत आहे. सोबत्यानें सुचविलेल्या दुरुस्त्या मात्र कोठेंच दिसत नाहींत. त्या चित्रांतच मुरून गेल्या आहेत.