मुरबाडात मुरबाडकर का नाहीत?

मुरबाडच्या बाजारपेठेत गेलो की दुकानांच्या पाट्या वाचत हिंडायची मला जुनी खोड आहे. भोईर, पाटील, देशमुख, पवार... पण ‘मुरबाडकर’ काही दिसत नाही. शहापुरातही मला शहापूरकर भेटलेले नाहीत. ही आडनावं आहेत, पण ती लावणारी माणसं मला भेटली ती शहरांत!

विचार केला तर नवल वाटायचं कारण नाही. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? तिथे सगळेच त्या गावचे. ‘कर’ चिकटतो तो गाव सोडल्यावर, आणि बहुधा चिकटवतात ते परगावचे लोक. धसईची मुलगी धसईत असेपर्यंत कुणाची तरी मुलगी असते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की ती ‘धसईवाली’ होते. तसंच हे.

ही रीत काही आपलीच नाही. इंग्लंडच्या उत्तरेला, पूर्वी डरहॅम परगण्यात असलेलं वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात एका घराण्याने त्या गावावरून नाव घेतलं. पुढे त्याच घराण्यातला जॉर्ज अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि गावाचं नाव एका राजधानीला मिळालं.

आपल्याकडे ‘कर’ जात-धर्म बघत नाही. कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडातले बेने इस्रायली ज्यू घ्या. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावं पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर. ठाण्यातलं त्यांचं सिनेगॉग 1879 सालचं. 1948 नंतर त्यातले बरेच जण इस्रायलला गेले आणि पेण, रोहा तिकडे पोचले.

बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील पलटणीत, त्यामुळे 1891 साली जन्म झाला तो महूला. पण 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असं. मुलगा गावात जन्मला नाही, तरी गाव नावातून सुटलं नाही.

मात्र आडनावावरून गाव शोधायला निघाल तर जपून. शहापूरकर भेटले तर ते आमच्या शहापूरचे असतील किंवा बेळगावजवळच्या शहापूरचे. माहुलीकरांचंही तेच. शहापूरच्या डोक्यावर माहुली किल्ला आहे, जिथे 1636 साली शहाजीराजांना वेढा पडला होता. आणि साताऱ्याजवळ कृष्णाकाठी संगम माहुली आहे.

इथवर सगळं गमतीचं. पण एक गोष्ट मला छळते. गाव सोडणाऱ्या सगळ्यांनाच ‘कर’ मिळतो का?

शहापूर-मुरबाडच्या वाड्यांमधले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आडनावं वाघे, मुकणे, हिलम, पवार, जाधव. वर्षातले कितीतरी महिने परगावी काढूनही त्यांना कुणी डोळखांबकर किंवा टोकावडेकर म्हणत नाही. भट्टीवर ते नुसते ‘कातकरी’. हे नावही धंद्याचं, खैरापासून कात काढण्याचं. पुढे जंगलावर सरकारी निर्बंध आले, तो धंदा गेला, नाव राहिलं. कचेरीत किंवा पलटणीत गेलेल्याला लोकांनी ‘कुठले तुम्ही?’ असं विचारलं, आणि उत्तराचं आडनाव झालं. मजुराला तो प्रश्नच विचारला गेला नाही.

2006 च्या वनहक्क कायद्यात मात्र तो विचारला आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन तुमच्या ताब्यात होती का, सांगा. दरवर्षी काही महिने भट्टीवर काढणाऱ्याने कागद कुठून आणायचे? त्या कायद्याच्या नियमांमध्ये एक चांगली सोय आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा म्हणून चालतो. म्हणजे एखादी म्हातारी, ‘हा इथलाच, याचा बापही इथेच नाचणी पेरायचा,’ असं सांगू शकते.

आडनावात गाव नसलेल्या माणसाला ‘इथलाच’ हा शब्द पुरतो. तो सांगणारं माणूस हयात असेपर्यंत लिहून घेतला पाहिजे, एवढंच.